लाल रंगातलं नाव

१३ एप्रिल, शनिवार

लाओ गूच्या नखांत पुन्हा लाल रंग! विचारलं तर म्हणाला, "कोपऱ्यावरच्या शेवयावाल्याची पाटी रंगवून देतोय." मी भाजीला जाताना मुद्दाम तिकडून गेले. पाटी होती तशीच — धुरकट, एक अक्षर अर्धं उडालेलं. शेवयावाल्याला विचारलं, तर तो माझ्याकडेच बघत बसला.

जन्मभर पाट्या रंगवल्या या माणसाने — गिरण्यांचे फलक, दुकानं, भिंतींवरच्या घोषणा. पण खोटं बोलताना स्वतःचे कान लाल होतात, ते काही त्याला पुसता येत नाहीत.

सकाळच्या नाचाला बागेत त्साइह्वाला सांगितलं. ती नाचात माझ्या शेजारी असते, आणि तिच्या पायांपेक्षा तोंडच जास्त नाचतं. म्हणाली, "तुमच्या खालच्या मजल्यावर नवी विधवा आलीय ना? तिचं दार लाल झालंय का बघ." मी हसले. घरी येताना दार मात्र बघितलं. हिरवं आहे.

१४ एप्रिल

आज सकाळीच बाहेर पडला. दात दाखवायला, म्हणे. परत आला तेव्हा बुटांना पिवळी माती. शांघायमध्ये पिवळी माती कुठली? दातांचा डॉक्टर काय डोंगरावर बसतो!

बोलले नाही काही. आमचं लग्न झालेलं नाही. त्याची सूफेन गेली, माझा शिंगफा गेला, आणि दोन एकट्या माणसांनी एका चुलीवर जेवायचं ठरवलं. आमच्या वयाचे पुष्कळजण असंच राहतात — मुलांना घराच्या वाटण्यांची धास्ती, आणि आपल्याला मुलांच्या तोंडाची. अशा बाईला पुरुषाच्या बुटांबद्दल विचारायचा हक्क किती, कोण जाणे. पण बूट मीच धुतले, तेव्हा थोडा असावा.

१५ एप्रिल

"उद्या सूचौला जाऊ या. फिरायला," म्हणाला. आपणहून! ज्याला बागेपर्यंत न्यायचं तर ओढावं लागतं, तो!

चहात अंडी उकडली, थर्मास धुऊन ठेवला. त्साइह्वाला फोन केला. ती म्हणाली, "पुरुष आपणहून फिरायला नेतो तेव्हा त्याला काहीतरी कबूल करायचं असतं. सोबत छत्री ठेव. ऊन लागलं तर उघड, नाहीतर त्याच्या डोक्यात घाल."

मला भीती वाटते. हे कागदालाच सांगते. या वयात पुन्हा घर बदलायचं म्हणजे काय असतं! त्याच्या मुलीने सांगितलं असेल — पुरे झालं बाबा, आता तिला जाऊ दे. आणि तो बागा दाखवून, गोड बोलून मला निरोप देणार असेल.

१६ एप्रिल, मंगळवार

सगळं पहिल्यापासून लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

त्याने हळू गाडीची तिकिटं काढली होती, जुन्या हिरव्या डब्यांची. वेगवान गाडी अर्ध्या तासात पोचवते. पण "लवकर पोचून करायचं काय" हे त्याचं नेहमीचं. स्टेशनच्या फाटकात तिकिटाऐवजी ओळखपत्रच टेकवायचं, माझं लागेना. मागून माणसं ढकलतायत, यंत्र ओरडतंय. मग कळलं, मी बसचं कार्ड लावत होते. मी! जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते, लोकांवर खेकसत होते — कार्ड नीट धरा, डोळे उघडे ठेवा. लाओ गू म्हणाला, "डोळे उघडे ठेवा, बाई." मी त्याला चिमटा काढला. मन थोडं हलकं झालं.

गाडीत त्याने मला खिडकी दिली. मोहरीच्या शेतांवर थोडा पिवळा रंग उरला होता. मी दोन अंडी खाल्ली. त्याने एक सोललं आणि तसंच हातात धरून बसला. "खा की," म्हटलं तर म्हणाला, "हो, खातो." सूचौ आलं तरी अंडं हातातच. म्हटलं, आता काही खरं नाही.

पण दिवस कसा गेला म्हणून सांगू! आधी शेवया — पांढरा रस्सा, वर डुकराच्या मांसाचा जाड तुकडा, तोंडात घातला की विरघळणारा. मग बाग. बाग कसली, माणसंच बघितली. झेंडे धरलेल्या पोरी आणि त्यांच्यामागे कानात यंत्रं घातलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगा. लाओ गूला ना फुलांचं, ना तळ्याचं. प्रत्येक दारावरच्या पाटीपुढे मान वर करून उभा! "हा आडवा फटकारा बघ, मेलेला आहे. हात घाबरलाय लिहिताना." एका पाटीपुढे तर एवढा वेळ उभा राहिला, की एका टोळीतली माणसं त्यालाच माहिती सांगणारा समजून भोवती जमली. त्यानेही सांगितली! मी लांब जाऊन हसत बसले.

दुपारी चहाच्या दुकानात एक बाई आणि एक बुवा तारा छेडत कथा गात होते. बुवा सूचौच्या बोलीत गात होता, निम्मं कळलं नाही, पण बाईचा आवाज फार गोड. लाओ गूने माझ्या पेल्यात चहा ओतला, आपल्यात नाही ओतला. मला वाटलं, माणसं फिरायला जातात म्हणजे हेच असणार. शिंगफाबरोबर कधी जमलं नाही, मी पहिल्या पाळीला तर तो रात्रपाळीला. इतकं बरं वाटलं, की भीती विसरले.

तेवढ्यात तो म्हणाला, "एक जागा दाखवायचीय. डोंगराजवळ. बस जाते."

"देऊळ आहे?"

"तसंच काहीतरी." कान लाल!

बसमधून उतरलो आणि मी ओळखलं. दफनभूमी. शांघायची माणसं मेल्यावर सूचौच्या डोंगरांतच राहायला येतात, आमच्याकडे जागा आहे कुठे! थडगी झाडायचा छिंगमिंगचा सण होऊन गेलेला. पायऱ्यांवर सुकलेली शेवंती, जळलेल्या कागदांची राख. सूफेन इथली नाही, तिची राख समुद्रात सोडली होती. म्हणून मला वाटलं, कोणी जुना मित्र असेल याचा. चढताना तो पुढे आणि मी मागे. पायवाटेची माती पिवळी होती. ती बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

एका दगडापुढे थांबला. करडा दगड, नवाकोरा. वर दोन नावं, शेजारी शेजारी, दोन्ही लाल रंगात. गू बिंगखुन. थांग युएझेन.

थांग युएझेन म्हणजे मी!

क्षणभर वाचताच आलं नाही. स्वतःचं नाव असून! मग मी कोणा परक्या माणसाच्या थडग्याच्या पायरीवर बसले. मेलेल्याचं नाव काळं, जिवंतपणी कोरून ठेवलेल्याचं लाल, हे काय मला माहीत नाही? शिंगफा गेला तेव्हा त्याच्या दगडावर त्याच्या काळ्या नावाशेजारी माझं लाल नाव कोरलं होतं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. नवरा तो. पण हे! न विचारता! शेवया खाऊ घालून, गाणं ऐकवून, थेट थडग्यापुढे उभी केली!

तो उभ्या उभ्या बोलत होता. "खोदकाम दुसऱ्याचं आहे. रंग माझा आहे. तुझ्या नावाला तीन हात दिलेत, माझ्या नावाला दोनच."

मग म्हणाला, "जागा चांगली आहे. आणि जिवंतपणी जागा घेतली की आयुष्य वाढतं म्हणतात."

"कचेरीत तुला कोणी विचारलं नाही, ही बाई कोण म्हणून?"

"विचारलं. लग्नाचा दाखला मागितला."

"मग?"

"म्हटलं, तुम्ही दगड घडवायला घ्या. दाखला वाटेत आहे."

म्हणजे ही मागणी होती! लग्नाची मागणी, थडग्यासकट! मी छत्री त्याच्या खांद्यात हाणली. एकदाच. त्साइह्वा म्हणाली होती डोक्यात, पण तो उंच आहे. तो नुसता म्हणाला, "मला तोंडाने विचारता येत नाही, युएझेन. लिहिता येतं."

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो होतो, पण मी खिडकीकडे तोंड करून. समोर एक तरुण बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. तिने आमच्यापुढे पुडी धरली. "कुठे फिरून आलात, आजोबा?"

"घर बघून आलो," लाओ गू म्हणाला.

"अरे वा. सूचौला राहायला येणार? कसं आहे घर?"

"दक्षिणेला तोंड. मागे डोंगर, समोर पाणी. शेजारपाजार शांत."

"आणि आजींना आवडलं का?"

"आजी विचार करतायत."

मला हसू फुटणार होतं. मी उठले आणि थर्मास भरायला गेले, गरम पाण्याच्या नळापाशी उभी राहिले, आणि तिथे मला रडू आलं. हसू कुठे गेलं आणि रडू कुठून आलं, समजलं नाही. डब्यातली कर्मचारी मुलगी म्हणाली, "आजी, हात भाजेल." थर्मास भरून वाहत होता.

१७ एप्रिल

बोलले नाही. त्याने भात केला. जेवले, पण बोलले नाही.

१८ एप्रिल

त्साइह्वाला सांगितलं. आधी तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग बागेतल्या बाकावर लोळायचीच बाकी राहिली. "मला नवऱ्याने सायकल दिली होती," म्हणाली. "तुला दगड दिला. तुझा टिकेल." डोळे पुसून झाले आणि एकदम गंभीर झाली. "पण अगं, तू तर शिंगफाजवळ आहेस ना? दोन ठिकाणी कशी झोपणार?"

तेच! दोन दिवस मी लाओ गूवर चिडलेय, आणि खरी गोष्ट ही आहे. शिंगफाच्या शेजारी माझं नाव आहे. ते तसंच टाकून मी दुसऱ्या डोंगरावर जाऊ? त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवून? असा काय वाईट वागला होता तो माझ्याशी?

१९ एप्रिल, शुक्रवार

वेइवेन आली होती, लाओ गूची मुलगी. तिला कुठून कळलं देव जाणे, बागेत भिंतींना कान आणि त्साइह्वाला तोंड. चपला न काढताच आत आली.

"बाबा आईजवळ जाणार होते. समुद्रात. ठरलं होतं."

"तू ठरवलंस," लाओ गू म्हणाला. "मला बोट लागते. तुझ्या आईला सोडायला गेलो तेव्हा पूर्ण वेळ पिशवीत ओकत होतो. तिला धड निरोपसुद्धा देता आला नाही."

"मेल्यावर कोणाला ओकारी येत नाही."

"तू मेली होतीस कधी?"

एरवी मी हसले असते. पण त्या मुलीचा चेहरा बघितला. पन्नाशीची बाई आहे, केस पिकलेत, आणि उभी मात्र आईने बाजारात मागे ठेवलेल्या पोरीसारखी. मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"थांग मावशी, तुम्हाला तुमची जागा आहे ना? तुमच्या माणसाशेजारी? मग आमच्या बाबांना कशाला ओढता?"

मी काही ओढलं नाही, हे सांगणार होते. पण ती बोलली त्यात खोटं काय होतं? मला जागा आहे. तिच्या आईला तर नुसतं पाणी.

२० एप्रिल

लाओ गूला सांगून टाकलं. नाश्त्याच्या वेळी, एका दमात. "दगडावरचं माझं नाव काढून टाक. मला शिंगफाजवळ जायचंय. जिवंत आहे तोवर तुझ्याजवळ आहे, मेल्यावर त्याच्याजवळ. तुझी हौस म्हणून मी त्याला एकटा सोडणार नाही." आणखीही पुष्कळ बोलले. म्हटलं, न विचारता बाईचं नाव दगडावर घालणारा तू कोण? म्हटलं, सूफेनलाही असंच न विचारता पाण्यात सोडलीस का? हे शेवटचं बोलायला नको होतं. ती सूफेनचीच इच्छा होती, मला माहीत होतं.

त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "शिंगफाकडे तू शेवटची कधी गेली होतीस?"

"गुडघ्याच्या ऑपरेशनआधी. का? दर वर्षी हायबो जातो. माझा मुलगा आहे तो, बापाचा दगड नीट ठेवतो."

"बरं," म्हणाला. आणि उठून वाटाणे सोलायला बसला. ना राग, ना वाद. मला वाटलं होतं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल

उद्या शिंगफाकडे जाऊन येते. तोही सूचौलाच, दुसऱ्या डोंगरावर. किती वर्षं झाली! त्याला सांगून येते की मी कुठे जात नाहीये. लाओ गूला सांगितलं, त्साइह्वाकडे जाते. हायबोलाही कळवत नाही. कळवलं की सुरू होतो — आई, चढ फार आहे, आई, पाय घसरेल, मी जाऊन येतो ना.

२२ एप्रिल, सोमवार

गाडीत एकटीच. वेगवान गाडी घेतली. ओळखपत्र पहिल्याच झटक्यात लागलं. खिडकीतून काही बघितलं नाही.

चढ खरंच फार आहे. रेलिंगला धरून, बसत उठत गेले. दगड ओळखता आला — तोच कोपरा, तेच डोळे मिचकावल्यासारखं वाटणारं शिंगफाचं छायाचित्र. स्वच्छ होता. हायबोने फुलंही ठेवलेली, वाळून गेली होती. शिंगफाचं नाव काळं, ठसठशीत. त्याच्या शेजारी —

काही नाही!

आधी वाटलं रंग उडाला असेल. पावसाने उडतो. जवळ गेले, चष्मा पुसला, हात फिरवला. गुळगुळीत. खोदलेली अक्षरं लुकणाने भरून, वर घासून चकचकीत केलीत. डोकं तिरकं करून बघितलं की उन्हात त्यांच्या कडा दिसतात. माझ्या नावाच्या. दगडावर माझं नाव बुजवून टाकलंय!

मी खाली बसले. मघाशी पायऱ्या चढताना मनात भाषण जुळवत आले होते — शिंगफा, घाबरू नको, मी तुझ्याजवळच येणार. आणि इथे मला बोलावणारंच कोणी नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं!

तिथूनच हायबोला फोन केला. "तुझ्या बाबांपुढे बसलेय," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "आई, तू एकटी आलीस? पाणी आहे का जवळ?"

"कोणी केलं हे?"

"आत्याने." म्हणजे शिंगफाची थोरली बहीण, माझ्या वन्सं. "तू गू काकांकडे राहायला गेलीस त्या वर्षी. म्हणाली, दुसऱ्याच्या घरी रांधते ती आपल्या दगडावर कशाला. सगळे तेच म्हणाले."

"आणि तू?"

"मी पण तेव्हा रागावलो होतो, आई." मग म्हणाला, "नंतर राग गेला. पण अक्षरं परत कशी आणू? तुला सांगू तरी कसं? म्हणून दर वर्षी म्हणायचो, तू येऊ नको."

मला वाटत होतं, पोराला आईच्या गुडघ्याची केवढी काळजी! शेजारणींना सांगत होते मी, अभिमानाने.

खाली कशी उतरले आठवत नाही. त्यालाही नाव ठेवू कशी? बापाच्या बाजूने उभा राहिला तो. पण जनाची नाही तर मनाची तरी! एक शब्द तरी टाकायचा आईजवळ!

२३ एप्रिल

अंग मोडून आलंय. लाओ गूने खारवलेलं मांस आणि बांबूचे कोंब घालून सूप केलं, मला आवडतं म्हणून. मला गिळवलं नाही. काल कुठे गेले होते, ते त्याला सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? परवाच त्याला एवढं सुनावलं — मला माझी जागा आहे, माझा माणूस आहे, तू कोण!

आता त्याचा दगड घ्यायचा म्हणजे काय? एका घरातून हाकलली म्हणून दुसऱ्या दारात उभी राहिली, असंच ना! त्याने मनापासून मागणी घातली तेव्हा छत्री हाणली, आणि आता गरज पडली तर हो म्हणायचं? नाही. कंडक्टर होते, भिकारीण नव्हते. उभ्याने प्रवास करायची सवय आहे मला.

ठरलं. मीही समुद्रात जाईन. सरकारची बोट असते, मुलांना त्रास नाही, दगड नको, रंग नको. वेइवेनला तिचे बाबा, हायबोला त्याचा बाप, आणि मला पाणी. मला बोट लागत नाही. उद्या हायबो येतोय, त्याला सांगते. लाओ गूलाही सांगते, नाव आजच्या आज खरवडून टाक.

लिहिलं खरं. पण लिहून झाल्यापासून रडतेय.

२४ एप्रिल

हायबो येऊन गेला. खाली मान घालून बसला होता, मी समुद्राचं सांगितलं तरी तशीच. निघताना जिन्यात थांबला. "आई, एक राहिलंय. गू काकांना ठाऊक आहे. तुझं ऑपरेशन झालं त्या छिंगमिंगला ते माझ्याबरोबर आले होते, बाबांचा दगड धुवायला. तेव्हाच त्यांनी बघितलं. मी म्हटलं, आता आईला सांगूनच टाकतो. त्यांनी सांगू दिलं नाही. म्हणाले, आधी तिची दुसरी जागा होऊ दे, मग कळलं तरी चालेल."

आणि मी लाओ गूला नको नको ते बोलले! त्याने एका शब्दात माझं तोंड बंद केलं असतं. नाही केलं.

आत आले. तो गॅलरीत बांबूवर कपडे वाळत घालत होता.

"उद्या लग्नाची नोंद करायला जायचंय," मी म्हटलं.

"वेइवेन चिडेल."

"तिच्याकडे आधी जाऊ. मी बोलते तिच्याशी."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बांबूवर घातलेला मोजा काढला, झटकला, आणि पुन्हा तिथेच घातला.